गजूचा गंज

गुलनाज नदाफ पाच वर्षं माझ्याबरोबर सात रस्त्याजवळच्या एका शिकवणी वर्गात होती. ती संगणक शिकवायची, मी गणित. मग एक दिवस तिनं वर्ग सोडला. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचं काम तिला घरबसल्या मिळालं होतं. "सर, आता मी दिवसभर खेळणार," असं म्हणून ती हसत गेली. गेल्या वर्षी जूनमध्ये ती परत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पहिले पंधरा दिवस ती तास घेई आणि निघून जाई. नंतर एका दुपारी, वर्ग रिकामा असताना, तिनं मला सगळं सांगितलं. तिनं ज्या क्रमानं सांगितलं, त्याच क्रमानं मी लिहितोय.

गुलनाजचं घर शास्त्रीनगरात, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं. घरात तिघंच. अम्मी, म्हणजे जमीला, टॉवेलच्या कडा शिवायच्या. अब्बा, म्हणजे बंदेनवाज, गुरुलिंग यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो खोलून दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. वय एकसष्ट. नुसता आवाज ऐकून कुठल्या मागाचं काय दुखतंय ते सांगायचे. घरात दखनी उर्दू चाले, पण अब्बांचा जन्म मागावर मराठी-तेलुगू बोलण्यात गेलेला. त्यांचं बोलणं मी मराठीतच देतो.

गुलनाजचं काम असं की कंपनीचा नवा खेळ बाजारात येण्याआधी तिच्याकडं यायचा. तो चार वेगवेगळ्या फोनवर खेळायचा, चुका शोधायच्या आणि शेवटी अहवाल लिहायचा. अहवालाआधी ती वहीत दोन रकाने आखायची. एकावर लिहायची 'जीव लावतो', दुसऱ्यावर 'डोकं लावतो'. खेळातलं जे गोड, जे आवडतं, ते पहिल्यात. जे खेळताना विचार करावा लागतो, हात शिकावा लागतो, ते दुसऱ्यात. दोन्ही रकाने भरले तर खेळ चांगला. तिचं हे माप कंपनीत सगळ्यांना माहीत झालं होतं.

रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा 'गजू' आला.

गजू हा एक अवाढव्य लोखंडी यंत्रमानव. त्याच्या छातीत काचेची खिडकी, खिडकीच्या आत खेळणारा बसतो आणि त्याला चालवतो. समोरून दुसरे यंत्रमानव येतात, त्यांच्याशी लढायचं. असे खेळ गुलनाजनं बरेच तपासले होते, पण असा गजू तिनं पाहिला नव्हता. चालताना तो डाव्या पायानं किंचित लंगडायचा. वाटेत कोंबड्या आल्या की पाय उचलून थांबायचा. नुसता उभा ठेवला की पाण्याच्या टाकीला पाठ घासायचा. पाऊस आला की आपला तळहात छातीच्या खिडकीवर धरायचा, आतला माणूस भिजू नये म्हणून. गुलनाज तो हात बघून एकटीच हसली आणि पहिला रकाना पान संपेपर्यंत लिहीत गेली.

दुसरा रकाना तीन ओळींत संपला. ठोसा, उडी आणि एक गोळा, एवढंच गजूला येत होतं. शत्रू नेहमी उजवीकडून यायचे. डाव्या कोपऱ्यात उभं राहून ठोसा मारत राहिलं की झालं. खात्री करून घ्यायला तिनं फोन अम्मीच्या हातात दिला. जमीलांनी आयुष्यात खेळ खेळला नव्हता. त्या शेजारणीशी बोलत, स्क्रीनकडं न बघता, एका अंगठ्यानं ठोसा दाबत राहिल्या आणि सहा टप्पे जिंकल्या.

अब्बा कारखान्यातून आले तेव्हा गजू पडद्यावर चालत होता. ते पाय धुवायचे थांबले.

"ह्याचा डावा गुडगा गेलाय की," ते म्हणाले. "बेरिंग खातंय. ऐक, टक्‌ करतंय बग पाय टेकताना."

"अब्बा, ते चित्र आहे."

"चित्र आसू दे. काडणाऱ्यानं बगून काडलंय."

त्यांनी फोन हातात घेतला. दहा-पंधरा मिनिटं खेळले, पुलावरून पडले, मोठ्यानं हसले आणि फोन ठेवून नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "गाडी लई छान हाय. पण तिला काम न्हाय."

गुलनाजला यापेक्षा नेमकं काही सुचलं नसतं. तिनं अहवालात लिहिलं की गजू जीव लावतो, पण लढाई उथळ आहे. काय करता येईल तेही लिहिलं. गजूच्या पाठीवर ओझं दिलं तर त्याची चाल बदलावी, त्याचे सांधे खेळणाऱ्याला खोलून बसवता यावेत, प्रत्येक शत्रूला वेगळी युक्ती लागावी. आणि शेवटी एक वाक्य टाकलं, 'आत्ता आहे तसा ठेवला तर माणूस पंधरा मिनिटांत फोन खाली ठेवतो.'

दोन दिवसांनी सयाजीचा फोन आला. सयाजी त्या खेळाचा प्रमुख. गजूची सगळी चित्रं त्याच्या हातची. मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या वळसंगचा, त्यामुळं गुलनाजशी जरा मोकळेपणानं बोलायचा.

"गुलनाज मॅडम, तुमचं शेवटचं वाक्य मोठ्या बैठकीत वाचून दाखवलं."

"रागावले का?"

"नाही हो. वरच्या लोकांना एकदम पटलं. माणूस फोन खाली ठेवतो, म्हणाले, यावरच काम करा."

"आणि मी सुचवलेलं? ओझं, सांधे?"

"सांध्यांचं घेतलंय," तो म्हणाला.

गुलनाजला बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या अहवालावर कुणी बैठक घेतली होती. अम्मीला तिनं ते दोनदा सांगितलं. ज्या वाक्याचा तिला तेव्हा अभिमान वाटत होता, ते पुढं महिनाभर तिच्या मानेवर बसलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नवा गजू आला. त्याच्याबरोबर सूचना होती की चौथा फोन घरातल्या अशा माणसाला द्यावा, ज्याला खेळांची सवय नाही. महिनाभर त्यानं तो जवळ बाळगावा, वाटेल तेव्हा खेळावा. गुलनाजनं अब्बांना विचारलं. "तुज्या कामाला हातभार लागत आसंल तर दे की," असं म्हणत त्यांनी फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला. फोन सुरू केला तेव्हा गजूनं नाव विचारलं. अब्बांनी एकेक अक्षर शोधत 'बंदेनवाज' लिहिलं.

नव्या गजूला गंज चढत होता. खेळणारा जवळ नसला की दर चाळीस मिनिटांनी सांध्यांवर एक तांबूस ठिपका उमटायचा आणि पसरत जायचा. बोटानं घासून तो काढायचा, वर तेलाचा थेंब सोडायचा. घासताना गजू डोळे मिटायचा. उशीर झाला की मान खाली घालून बसायचा. आणि खेळ बंद असला तरी पडद्यावर त्याची ओळ यायची, 'बंदेनवाज, गुडघा दुखतोय. येता का?' थोड्या वेळानं, 'मी थांबलोय.' त्यानंतर, 'आज कुणीच आलं नाही.'

लढाई मात्र होती तशीच होती. तेच तीन डाव, तेच उजवीकडून येणारे शत्रू. गुलनाजनं अम्मीच्या हातात पुन्हा फोन दिला आणि अम्मी एका अंगठ्यानं पुन्हा सहा टप्पे जिंकल्या. तिसऱ्या दिवशी गुलनाजनं दुसरा अहवाल पाठवला. 'खेळ पहिल्याइतकाच पोकळ आहे. फक्त आता तो सोडून जाता येत नाही. गंजाच्या हाका बंद कराव्यात.'

सयाजीनं लगेच फोन केला. "मॅडम, तुमच्याकडच्या चार नंबरच्या फोनचे आकडे बघितलेत का? कोण वापरतंय तो?"

"माझे वडील."

"दिवसातून एकोणीस वेळा उघडतात. सगळ्या तपासणीत असा माणूस दुसरा नाही आमच्याकडं. वरचे लोक खूश आहेत तुमच्यावर."

गुलनाजनं मला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. "सर, मला खोटं बोलायचं नाही. एकोणीस ऐकून मला आधी आनंद झाला," ती म्हणाली. "भीती नंतर वाटली."

त्या दिवसापासून ती अब्बांकडं लक्ष देऊ लागली. ते जेवता जेवता हात खिशाकडं न्यायचे. घास तोंडात, डोळे पडद्यावर, अंगठा गोल गोल फिरतोय. हसत नव्हते. पहिल्या दिवशी पुलावरून पडल्यावर हसले होते, तसं पुन्हा एकदाही हसले नाहीत. लढाईकडं ते फिरकतही नव्हते. गजूला कुठं न्यायचं नव्हतं, जिंकायचं नव्हतं. नुसता गंज काढायचा, आणि तो काढून होईतो दुसरीकडं उमटलेला असायचा.

"अब्बा, तो गंज खोटा आहे," ती एकदा म्हणाली.

"म्हायती हाय की मला."

"मग?"

"बगवत न्हाय गं. चाळीस वर्सं यंत्राला गंज चडू दिला न्हाय. समोर चडतोय आन्‌ आपुन बसून ऱ्हायाचं?"

जमीलांना ते फार आधी खुपलं होतं. एका दुपारी शिलाईयंत्राचं चाक हातानं थांबवून त्या म्हणाल्या, "गुल, ते यंत्र ह्यांना नाव घेऊन बोलवतं. आज सकाळी हे न्हाणीत असताना मला फोनवर ती ओळ दिसली. 'आज कुणीच आलं नाही.' माझ्या घरात बसून हे कोण बोलवतंय ह्यांना?"

"अम्मी, महिना संपला की फोन परत जाणार आहे."

"महिना कुणी बघितलाय," जमीला म्हणाल्या आणि पुन्हा चाक फिरवू लागल्या.

गुलनाजला फोन तेव्हाच काढून घेता आला असता. तिनं घेतला नाही. तपासणी अर्धवट राहील, आकडे चांगले येतायत, महिना संपायला थोडेच दिवस उरलेत, अशी कारणं तिनं स्वतःला दिली. ती कारणं तिनं मला एकेक करून सांगितली, पाठ केल्यासारखी.

मेच्या शेवटच्या सोमवारी अब्बा डबा विसरून गेले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. गुलनाज रिक्षानं डबा घेऊन कारखान्यात गेली. चोवीस माग एकदम चालू होते. आत शिरलं की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. अब्बा तिला पहिल्यांदा दिसलेच नाहीत. मग दिसले, भिंतीकडं तोंड करून उभे. मागं एक माग उघडा पडला होता, त्याचे नटबोल्ट जमिनीवर फडक्यात ठेवलेले. विणणारा बाजूला हातावर हात ठेवून वाट बघत होता. एवढ्या गोंगाटात फोन ऐकू येणं शक्य नव्हतं. तो अब्बांच्या छातीशी थरथरायचा आणि ते काम टाकून भिंतीकडं वळायचे.

गुलनाज त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. ते दचकले नाहीत. त्यांना ती दिसलीच नव्हती. पडद्यावर गजू मान खाली घालून बसला होता आणि अब्बांचा अंगठा त्याच्या डाव्या गुडघ्यावर फिरत होता. अंगठ्याला ग्रीस लागलेलं, त्यानं सगळी काच काळी झालेली.

दाराशी कांड्या भरणाऱ्या बायका बसत. त्यांच्यातली अक्कम्मा गुलनाजला लहानपणापासून ओळखायची. बाण्याचं, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याचं, सूत कांडीवर, म्हणजे छोट्या रिळावर, भरून द्यायचं तिचं काम, वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक. ती जवळ आली आणि गुलनाजच्या कानाशी ओरडून म्हणाली, "पोरी, तुज्या बापाला काय झालंय? भाई आता आमच्याशी बोलत न्हाई. सारकं खिशात बगतंय."

गुलनाजनं अब्बांना हाताला धरून बाहेर सावलीत आणलं. "आज घरी आल्यावर फोन मला द्या. तपासणी संपली."

"महिना कुटं झालाय?"

"संपली म्हणून सांगते मी."

"उद्या देतो," ते म्हणाले. "आज आर्दा गुडगा साफ झालाय."

त्या संध्याकाळी तिनं फोन मागितला, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. साठी ओलांडलेल्या बापाच्या खिशात हात घालणं तिला जमलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास अकरा नंबरच्या मागाची पट्टी ढिली झाली. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाणा घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो बाहेर उडू नये म्हणून पुढं एक लोखंडी पट्टी असते, दोन बोल्टांनी आवळलेली. अब्बांनी माग थांबवला, पट्टी सरळ केली, डावा बोल्ट पान्यानं आवळला. उजवा बोटानं फिरवून बसवला आणि पाना उचलला, तेवढ्यात खिसा थरथरला. ते भिंतीकडं वळले. पाच-सहा मिनिटांनी परत आले तेव्हा विणणाऱ्यानं हातानंच विचारलं, झालं का? अब्बांनी मान डोलावली. माग सुरू झाला.

वीसेक मिनिटं तो चालला. प्रत्येक ठोक्याला उजवा बोल्ट थोडा थोडा सुटत गेला असणार. मग पट्टी वर उचलली गेली आणि धोटा बाहेर उडाला. त्या वेळी अक्कम्मा कांड्यांची टोपली घेऊन मागांच्या मधल्या वाटेनं येत होती. धोट्याची अणी तिच्या उजव्या डोळ्यात गेली.

ती ओरडली असणार. कुणाला ऐकू आलं नाही. टोपली सांडलेली दिसली, तेव्हा एकेक माग बंद होत गेला.

अब्बा चारला घरी आले. हात धुतले नव्हते. पायरीवरच बसले. जमीलांनी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"अक्कम्माला मोट्या दवाखान्यात नेलंय," ते म्हणाले. "डोळा गेला म्हनत्यात." थोड्या वेळानं त्यांनी खिशातला फोन काढून गुलनाजच्या पुढं ठेवला. "उजवा बोल्ट आवळला न्हाय मी."

फोनमध्ये प्रत्येक वेळेची नोंद राहत होती. कंपनीला ती जायची. तिनं उघडून बघितली. अकरा सेहेचाळीसला गजूची ओळ गेली होती, 'बंदेनवाज, गुडघा धरला. लगेच या.' त्याच मिनिटाला फोन उघडला होता. अकरा बावन्नला बंद. त्या ओळीतलं 'लगेच' तिनं तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. ज्याला जास्त जीव लागलाय त्याच्यासाठी कंपनीनं वेगळ्या ओळी लिहून ठेवल्या होत्या, हे तिला त्या क्षणी कळलं.

"कुणी काय म्हणालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"न्हाय. धोटा उडतो कदीमदी, आसं म्हनाले सगळे. गुरुलिंगअण्णांनी माजा खांदा थोपटला." अब्बांनी तिच्याकडं बघितलं. "कुणाला म्हायती न्हाय, गुल. तुला आन्‌ मला."

"आणि त्या फोनला," जमीला दारातून म्हणाल्या.

ती नोंद गुलनाजला पुसता आली असती. तपासणीचे फोन पुसून कोरे करायचा अधिकार तिला होता. अब्बांनी तसं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. फोन दोघांच्या मधे पडला होता. तो मधेच थरथरला. पडद्यावर ओळ आली, 'मी थांबलोय.' तेव्हा गुलनाजनं त्याची बॅटरी संपेपर्यंत तो कपाटात टाकून दिला, पण पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा स्वतःहून गुरुलिंग यांच्याकडं गेले आणि सगळं सांगितलं. गुरुलिंग एवढंच म्हणाले, "भाई, उद्यापासून येऊ नका." तिथून अब्बा दवाखान्यात गेले. गुलनाज बरोबर होती. अक्कम्मा पलंगावर टेकून बसली होती, अर्धा चेहरा पट्टीत. अब्बा पायाशी उभे राहिले. बोल्ट राहिला, फोन आला म्हणून वळलो, असं त्यांनी सांगितलं.

अक्कम्मानं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "कुनाचा फोन होता, भाई? घरात कुनाला काय झालं होतं का?"

अब्बांनी पलंगाची दांडी धरली.

"जमीला बरी हाय न्हवं?" अक्कम्मानं पुन्हा विचारलं.

"कुनाचाच नव्हता," अब्बा म्हणाले. "खेळ होता. त्यातल्या यंत्राचा गुडगा दुकत होता."

अक्कम्माला ते समजलं नाही. तिनं गुलनाजकडं बघितलं. गुलनाजनं समजावून सांगितलं. गजू कोण, गंज कसला, हाक कशी येते. सांगताना आपण काय बोलतोय हे तिलाच ऐकवेना. अक्कम्मानं सगळं ऐकलं आणि भिंतीकडं कूस वळवली.

गुलनाजनं सयाजीला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तो लंगडा पाय मी माझ्या वडलांच्या चालण्यावरनं काढला होता. वळसंगच्या बांधावरून ते असेच चालायचे. लोकांना जीव लागावा एवढंच होतं माझ्या मनात."

"लागला."

"हाकांच्या ओळी मी लिहिल्या नाहीत."

"कुणीतरी लिहिल्याच ना, सयाजी सर. बंद करा त्या."

"तारीख ठरलीय. जुलैत येतोय गजू." त्याचा आवाज खाली गेला. "तुम्ही हे लेखी दिलंत तर तुमचं काम राहणार नाही. एवढं सांगतो मी, तुमच्या भल्यासाठी."

तिनं लेखी दिलं. दोन रकाने आखले नाहीत. वेळेच्या नोंदी, गजूची ओळ, बोल्ट, धोटा, डोळा, सगळं सरळ लिहिलं. आणि स्वतःचं पहिलं वाक्यही लिहिलं, माणूस पंधरा मिनिटांत फोन खाली ठेवतो, ते. त्याखाली लिहिलं की त्या उथळ खेळातली तीच एक चांगली गोष्ट होती, आणि मी तिला दोष म्हणून दाखवलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, 'आपला अभिप्राय नोंदवला आहे.' तिनं चारही फोन खोक्यात भरून पुण्याला पाठवले आणि काम सोडलं.

गजू ठरल्या तारखेला आला. मीही बघितला, लोक काय लिहितात ते. 'फारच गोड आहे,' एकानं लिहिलं होतं, 'खेळात दम नाही, पण सोडवत नाही.' खाली शेकडो लोकांनी तसंच लिहिलेलं. सगळ्यांनी ते कौतुकानं लिहिलं होतं. हाका बंद करायची सोय आत कुठंतरी सहा पायऱ्या खाली ठेवली आहे, असं गुलनाज म्हणते. ती कुणी शोधली असेल असं तिला वाटत नाही.

बंदेनवाज आता घरी असतात. जमीलांनी शिवलेले टॉवेल घडी करून गठ्ठे बांधतात. शेजारचा पंखा बिघडला तरी उठत नाहीत. पाना हातात घ्यायला नको म्हणतात.

अक्कम्माचा उजवा डोळा गेला. पण डॉक्टरांनी गुलनाजला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. एका डोळ्याला अशी खोल जखम झाली की कधी कधी शरीर दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरच उलटतं. महिन्यांनी, कधी वर्षांनीही. होईलच असं नाही. लक्ष ठेवायचं. तेव्हापासून गुलनाज दर गुरुवारी वर्ग सुटला की अक्कम्माकडं जाते. अक्कम्मा आता तिच्याशी बोलते. तिच्या दारासमोर एका सिमेंटच्या दुकानाची जाहिरात भिंतीवर रंगवलेली आहे. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून ती ती अक्षरं वाचते. सगळ्यात खालची, बारीक ओळसुद्धा.

आज, गुरुवारी, अक्कम्मा म्हणाली की खालच्या ओळीतली दोन अक्षरं पुसट झालीत. रंग उडाला असंल, तीच म्हणाली. गुलनाज रस्ता ओलांडून भिंतीजवळ गेली. बोटानं चाचपून बघितलं. दुकानदारानं ती जाहिरात दिवाळीतच नव्यानं रंगवून घेतली होती.

तिनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. उद्या सकाळी नऊला बोलावलंय.